वीस सेकंदांचे कानसेन

शास्त्रीय संगीत ऐकायला एक जन्म पुरत नाही असे जाणकार सांगतात. आमच्या ग्रुपवर ते वीस सेकंदांत उरकावे लागते. रात्री साडेनऊला ज्याची पाळी असेल तो व्हॉट्सअ‍ॅपवर वीस सेकंदांचा तुकडा टाकतो. बाकीच्यांनी राग, गायक आणि जमल्यास साल ओळखायचे. रागाला दोन गुण, गायकाला दोन, सालाला एक. तबलजी ओळखला तर शाबासकी. तंबोऱ्यावर कोण बसले आहे हे सांगणाऱ्याला काहीच मिळत नाही, कारण ते तपासणार कोण? तरी एक गृहस्थ दरवेळी सांगतातच.

आमच्यापैकी कोणी कोणाला प्रत्यक्ष पाहिलेले नाही, त्यामुळे नावांऐवजी गावेच चालतात. मिरजेच्या ताई म्हणजे ‘मिरज’. न्यू जर्सीचे डॉक्टर म्हणजे ‘जर्सी’. मग ‘दादर’. पुण्याच्या काकांनी ‘पुणे’ म्हणवून घ्यायला साफ नकार दिला, पुणे फार पसरले आहे म्हणाले, म्हणून ते ‘सदाशिव पेठ’. आणि मी ‘गोंदिया’.

गोंदिया कुठे येते, हा ग्रुपवरचा पहिला न सुटलेला प्रश्न होता. नागपूरच्या पुढे महाराष्ट्र संपतो अशी बहुतेकांची प्रामाणिक समजूत. मिरजेला तेवढे नाव माहीत होते. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून निघते आणि मिरजेवरून आमच्याकडे येते, म्हणून ताईंनी ‘गोंदिया’ ही अक्षरे डब्यावर कित्येकदा वाचली होती. त्या टोकाला खरोखर माणसे राहतात आणि ती मारवा ऐकतात, ही बातमी त्यांना माझ्यामुळे कळली.

‘‘तुमच्याकडे शास्त्रीय वगैरे असतं का हो?’’ सदाशिव पेठेने एकदा विचारले. आवाजात सहानुभूती होती, तीच जास्त लागली. मी लिहिले, आमच्याकडे धान असते, तळी असतात, भातगिरण्या असतात, नवेगावबांध असते, आणि संगीताचे म्हणाल तर गोंदियाहून गाडीने डोंगरगड गाठले आणि पुढे थोडा रस्ता कापला की खैरागड. तिथल्या राजा वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलीच्या, इंदिरेच्या नावाने 1956 मध्ये संगीताचे विद्यापीठ उभे केले आणि त्यासाठी राहता राजवाडा देऊन टाकला. पुण्यात संगीतासाठी कोणी दोन खोल्यांचा ब्लॉक तरी दिला आहे का? (हे शेवटचे वाक्य मी पाठवून मग पुसले. पण ‘हा संदेश हटवला आहे’ एवढे दिसले तरी पुण्याला काय ते समजते.)

‘‘खैरागड छत्तीसगडात. ते महाराष्ट्रात धरता यायचं नाही,’’ पेठ म्हणाली.

‘‘मग देवासचे कुमार गंधर्व कशात धरायचे?’’

यावर अंगठा आला नाही.

खरी भांडणे मात्र भूगोलावरून होत नाहीत, ती भूपावरून होतात. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा. मैफलीत हे लगेच कळते, कारण आपण घड्याळ बघून गेलेलो असतो. वीस सेकंदांत गवई गंधारावर टेकला की नुसता तिथून चालला होता, हे कोण सांगणार? एकदा दादरने भूप म्हटले, मिरजेने देशकार म्हटले, आणि मधेच कोणीतरी ‘शुद्ध कल्याण तर नाही?’ असे विचारून दोघांनाही स्वतःवर उठवून घेतले. दादर रात्री तडकून ग्रुपमधून बाहेर पडले. सकाळी, बरोबर देशकाराच्या वेळेला, परत आले.

जर्सीचे दुखणे वेगळेच. आमचे साडेनऊ म्हणजे त्यांची सकाळ संपत आलेली. भर उन्हात बागेश्री ओळखायला लावणे हा अधर्म आहे असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यासाठी निदान सारंग तरी टाकत जा, अशी त्यांची लेखी विनंती ग्रुपवर पडून आहे. धर्म पाळून ते रात्रीचे राग रात्रीच ऐकतात आणि उत्तर आम्ही झोपेतून उठल्यावर देतात. तोवर निकाल लागलेला असतो. तरी त्यांना एक गुण देतात, श्रद्धेचा.

या खेळात कान लागतात असा नवख्यांचा समज असतो. पेठेचे तंत्र पाहिले की तो जातो. काका गायकाकडे लक्षच देत नाहीत, श्रोत्यांकडे देतात. तुकड्यात कोणी खोकले, तर काका दोन सेकंदांत सांगतात: ‘‘हा खोकला रमणबागेच्या मैदानावरचा. डिसेंबर. म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. रात्र बरीच झालेली. म्हणजे भीमसेन.’’ राग मग मागाहून येतो, आणि आला नाही तरी काकांचे तीन गुण कुठे जात नाहीत. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत मिरज तसेच करते. सुईची खरखर ऐकून ताई साल सांगतात. गौहर जानने 1902 मध्ये कलकत्त्यात तबकडी भरली आणि गाणे संपल्यावर स्वतःचे नाव इंग्रजीत सांगून टाकले. ती प्रथा चालू राहिली असती तर आमचा खेळ एका दिवसात बंद पडला असता.

माझे तंत्र घरचे आहे. आमचे एक सोयरे झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडया भरू लागल्या की यांचा मुक्काम आज अर्जुनीकडे, उद्या वडशाकडे. रात्रभर नाटक, दिवसा झोप. रागाच्या नावांशी त्यांना कर्तव्य नाही, पट्टीशी आहे. आवाज आला की पहिले वाक्य: ‘‘काळी दोन.’’ आमच्या घरामागची भातगिरणीसुद्धा काळी दोनमध्ये चालते आणि दाब कमी झाला की काळी एकवर उतरते, हे त्यांनीच मला दाखवून दिले. तेव्हापासून मला त्या गिरणीचा त्रास होत नाही. उलट ती बंद पडली की चुकल्यासारखे होते.

पट्टी कळली की निम्मे गवई गळतात. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास, बायका काळी चार-पाचकडे. पण सोयऱ्यांनाही घाम फोडणारे दोघे आहेत. गंगुबाई हनगल यांचा आवाज टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर असा भारदस्त झाला की ग्रुपवर नवीन आलेला प्रत्येक जण ‘‘हे कोण बुवा?’’ असेच विचारतो. आणि अब्दुल करीम खाँसाहेब इतके वर गायचे की तोच नवखा दुसऱ्या दिवशी ‘‘या कोण बाई?’’ म्हणतो. हे दोन तुकडे लागोपाठ टाकणे ही आमच्याकडची दीक्षा आहे. दोघेही किराणा घराण्याचे, हे ऐकून नवखा आपले किराणा सामान घेऊन निघतो किंवा कायमचा राहतो.

पण ग्रुपच्या इतिहासात अमर झाला तो मिरजेचा तुकडा. वीस सेकंद, आणि त्यात काहीच नाही. तंबोरा नाही, खरखर नाही, खोकलासुद्धा नाही.

‘‘ताई, आवाज येत नाही.’’

‘‘येणार नाही. ओळखा.’’

दादरने फोन बंद करून चालू केला. जर्सीने हेडफोन बदलले. काकांनी तीनदा ऐकून सांगितले की श्रोते पुण्याचे नाहीत, पुण्याचे एवढे शांत बसत नाहीत. मी सोयऱ्यांना ऐकवले, त्यांनी नेमाने विचारले, ‘‘पट्टी कोणती धरू?’’ साडेदहाला उत्तर आले: अल्लादिया खाँ. जयपूर-अत्रौली घराण्याचा हा प्रवर्तक 1946 पर्यंत होता आणि त्याचे एकही ध्वनिमुद्रण नाही, म्हणून हे त्याचे अधिकृत रेकॉर्ड.

पाच मिनिटे सगळ्यांनी टाळ्यांची चित्रे पाठवली. मग पेठेने हरकत घेतली. भास्करबुवा बखल्यांचेही ध्वनिमुद्रण नाही, तेव्हा हे बुवाही असू शकतात. ताई म्हणाल्या, बुवा असते तर शांततेत लालित्य जास्त असते. दादरने विचारले, पण राग कोणता? रागाचे दोन गुण कोणाला? यावर रात्री बारापर्यंत चर्चा चालली आणि शेवटी अप्रचलित राग धरावा असे ठरले, कारण खाँसाहेबांना अप्रचलित रागांची आवड होती.

रविवारी तुकडा नसतो, नुसते प्रश्न. गंधर्वांची खरी नावे सांगा, हा ठरलेला. बाल म्हणजे नारायण राजहंस, सवाई म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, छोटा म्हणजे सौदागर गोरे, कुमार म्हणजे शिवपुत्र कोमकली. हे सगळे ऐकून माझ्या भाच्याने विचारले, ‘‘यातल्या कोणी कंटाळून स्वतःच्याच नावानं गायलं नाही का?’’ एकदा जर्सीने विचारले, सर्वांत लांब जाऊन गायलेली आपली गायिका कोण? दादर म्हणाले, लता मंगेशकर, रॉयल अल्बर्ट हॉल, 1974. उत्तर होते केसरबाई केरकर. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर ज्या सोनेरी तबकड्या पाठवल्या, त्यांत केसरबाईंची भैरवी आहे, आणि पहिले यान 2012 मध्ये सूर्याचा प्रभाव ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात गेले. तिथूनही त्याचे संदेश येतात. मला हे उत्तर पाठ होते, पण मी त्या वेळी गाडीत होतो आणि दरेकशाच्या बोगद्यात रेंज गेली.

मागच्या हिवाळ्यात मारवा, पूरिया आणि सोहनीचा तंटा पेटला. स्वर तिघांचे तेच, फक्त सोहनी वरच्या सप्तकात खेळते आणि पूरिया खाली रेंगाळतो. मते तीन, माणसे चार, आणि रात्रीचा एक वाजलेला. कोणीतरी म्हणाले, गोंदियाच्या सोयऱ्यांना विचारा. मी तुकडा पाठवला. उत्तर आले: ‘‘आता खून होऊन राह्यला. मंग सांगतो.’’

ग्रुपवर शांतता. काकांनी विचारले, ‘‘कोणाचा?’’ जर्सीने डॉक्टर म्हणून मदत देऊ केली. मी समजावले की नाटकाचा तिसरा अंक चालू आहे, पाटलाचा मुलगा मरतो आहे, तोवर दोन्ही हात ऑर्गनवर.

खून झाल्यावर सोयऱ्यांचा आवाज आला, पण खिशातल्या फोनने चुकून नाटकच भरून पाठवले होते: बायकांचे हुंदके, खलनायकाचे हसणे, मागे ऑर्गनचा एक लांब कोमल रिषभ. मी तो तसाच पुढे ढकलला. दादरने तत्काळ मारवा म्हटले. जर्सी म्हणाले पूरिया, कारण एवढे दुःख खालच्या सप्तकातच मावते. मिरजेने सुईची खरखर ऐकून 1934 साल दिले. काकांनी हुंदके सोडून मागचा एक खोकला चार वेळा ऐकला आणि जाहीर केले, ‘‘हा रमणबागेतला नाही.’’

त्या रात्री एवढे एकच उत्तर बरोबर आले.