दोन मास्तर, चार इयत्ता, एक कपाट: नव्या शिक्षण सेवकासाठी मार्गदर्शिका

अभिनंदन. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तुमची नेमणूक झाली आहे. मानधन दरमहा १६ हजार, तीन वर्षे. २०२३ पर्यंत ते सहा हजार होते, हे जुने सहकारी पहिल्याच चहाला सांगतील. तेव्हा चेहरा कृतज्ञ ठेवावा. शाळा बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर आहे असे धरू. पहिली ते चौथी, पट २६. एसटी फाट्यापर्यंत येते, पुढचे तुमचे तुम्ही बघा.

आधी मनुष्यबळ. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे तुम्ही आणि दुसरे सर. मुख्याध्यापकाचे वेगळे पद पट १५० च्या वर गेल्यावर, त्यामुळे सरच प्रभारी मुख्याध्यापक आणि सरच कारकून. घंटा जो आधी पोहोचेल त्याने द्यायची. चार इयत्तांना दोन शिक्षक हा भागाकार नि:शेष जातो खरा, पण सरांना केंद्राची शिक्षण परिषद असते, पंचायत समितीची बैठक असते, प्रशिक्षण असते. कायद्याने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामे लावता येतात. निवडणुका आपल्याकडे किती होतात ते तुम्ही जाणताच. त्या दिवशी चारही इयत्ता तुमच्या. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. पहिलीला गिरवायला द्यावे, दुसरीला बेरजा, चौथीला स्वतः घ्यावे आणि तिसरीतली एक चुणचुणीत मुलगी पहिलीवर नेमावी. ती तुमच्याहून कडक निघेल. तिच्या हातातली पट्टी काढून घ्या, बाकीचे तिला करू द्या. पहिलीची पोरे अक्षरे तिच्याकडून पटकन उचलतात, हे मात्र कुठल्याही रकान्यात भरू नका. तसा रकाना नाही.

आता कपाट. त्यात जनरल रजिस्टर, आवक-जावक, कॅशबुक, डेडस्टॉक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त सापडेल. त्या समितीत ७५ टक्के पालक हवेत आणि निम्म्या महिला, म्हणून सह्यांसाठी संध्याकाळी वस्तीवर फेरी मारावी लागते. दिवसा सगळे रानात असतात. यू-डायसचा अकरा आकडी क्रमांक पाठ करा. सुरुवात २७ ने होते, ते महाराष्ट्राचे. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरलात तर घरचे सांभाळून घेतील. ‘माहिती तात्काळ सादर करावी’ असा निरोप ग्रुपवर पडला की लगेच भरू नये. आधी ‘निरंक’ लिहून चालते का, ते शेजारच्या शाळेला विचारावे.

पोषण आहार हा खरा रोजचा विषय. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, ताटात ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने. सकाळी हजेरी घेतलीत, २३ आली, तर दोन किलो तीनशे ग्रॅम काढून द्यायचे. स्वयंपाकीण ताई तुमच्या वजनकाट्याकडे सहानुभूतीने बघतील, हाताच्या अंदाजाने तांदूळ बाजूला काढतील आणि ते तेवढेच भरतील. वाढण्याआधी तुम्ही चव घेऊन चव रजिस्टरला नोंद करायची. ‘चांगली’ हा शब्द तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. खिचडी कधी खारट झाली तर ताईंना सांगा, रजिस्टरला नको. रजिस्टर तालुक्याला दिसते, ताईंना नाही.

गुणवत्तेची टक्केवारी काढताना घाबरू नका, मजा असते. समजा तिसरीत सहा मुले आहेत आणि चौघांना दुसरीचा धडा वाचता येतो. गुणवत्ता ६७ टक्के. न वाचणारा एक जण मामाच्या गावी कायमचा गेला की तीच शाळा ८० टक्क्यांवर. तुम्ही खडूसुद्धा उचललेला नाही. वाचणारा गेला तर ६०, आणि केंद्रप्रमुख खुलासा मागतील. शंभर मुलांच्या वर्गात एका पोराने टक्का हलतो, इथे सतरा हलतात. मोठ्या शाळेशेजारी या आकड्याची रांग लावणाऱ्याने निदान एकदा भागाकार करून पाहावा, असे मला वाटते. ‘असर’च्या अहवालाने तर मुळीच दचकू नये. तो जिल्ह्यातली ३० गावे आणि गावातली २० घरे घेऊन, मुलांना घरी जाऊन तपासतो; तुमच्या वस्तीविषयी त्याला काही म्हणायचे नसते.

दिवाळी झाली की खरी परीक्षा. ऊसतोडीला कोयते निघतात, ट्रॅक्टरला ट्रॉल्या लागतात, आणि २६ चा पट वर्गात नऊ-दहावर येतो. नाव कमी करू नका. ज्यांचे आजी-आजोबा मागे राहतात त्यांना हंगामी वसतिगृहात ठेवायला घरच्यांना पटवा; नाहीच पटले तर शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्या. मूल कारखान्याच्या थळावर गेले तर तिथल्या शाळेला ते कुठवर शिकले ते कळावे, असा हेतू. एप्रिलमध्ये ते कार्ड बहुधा चुरगळून परत येते. मुलाला उजळणी लागते, ती मुकाट्याने घ्या.

पैशाचे शेवटी, कारण ते थोडेच आहेत. समग्र शिक्षेचे संयुक्त शाळा अनुदान ३० मुलांपर्यंत वर्षाला दहा हजार. त्यात वीजबिल, खडू, तुटलेली तोटी, आणि किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. पट ३१ झाला की २५ हजार, म्हणजे एकतिसावे मूल एकटेच १५ हजारांचे. उलट पट २० च्या खाली घसरला तर वेगळी वही उघडते: २०२३ मध्ये शासनाने अशा शाळांच्या जागी समूह शाळांचा विचार सुरू केला, तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले दिले. समूह शाळेत शिक्षक जास्त, खोल्या जास्त, हे खरेच. पण सहा वर्षांच्या पोरीने ओढा ओलांडून तिथवर जायचे कसे, याची सोय आधी आणि शाळा मागून, असा क्रम मी तरी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा जूनमध्ये प्रवेशोत्सवाच्या बैलगाडीला फुगे बांधण्याआधी अंगणवाडीताईंची वही मागून घ्या. सहा वर्षे पूर्ण झालेल्यांची नावे त्यात असतात. इंग्रजी शाळेची पिवळी बस फाट्यावर साडेसातला येते. त्या घरी तुम्ही सातला पोहोचा.