फिरत्या घराचे कडीकोयंडे

मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर पलंग, स्वयंपाकाचा ओटा, शौचकूप आणि जेवणाचे मेज एवढे सगळे बसवून जे वाहन तयार होते त्यास मोटरहोम म्हणतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते हे खरे, परंतु त्यास त्या बिऱ्हाडाचा विमा उतरवावा लागत नाही, एवढाच काय तो या दोन बिऱ्हाडांतील तात्त्विक भेद. ब्रिटनमध्ये अशा वाहनांचे मालक बहुधा निवृत्त दांपत्य असते, आणि खरे ऊन, खरा पाव व परवडणारी वाइन या तिन्ही गोष्टी इंग्लिश खाडीच्या पलीकडेच मिळतात अशी त्या दांपत्याची श्रद्धा असल्याने त्यास वर्षाकाठी एकदा तरी ही खाडी ओलांडावी लागते. इंग्लंडमधील डोव्हर आणि फ्रान्समधील कॅले यांच्या बाजूला ती सर्वांत अरुंद, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटर रुंद असून मोटारींसकट माणसे वाहून नेणारी फेरीबोट हे अंतर दीडेक तासात कापते. परतीची सकाळची बोट चुकू नये म्हणून आदल्या रात्री बंदराच्या आसपास मुक्काम करणे ओघानेच येते, आणि महिनाभर स्पेनच्या ओसाड किनाऱ्यांवर निर्धास्त घोरत आलेले हेच दांपत्य त्या एका रात्री मात्र गडावर वेढा पडल्यासारखे जागे राहते.

मुक्कामाच्या जागांचे या शास्त्रात काटेकोर वर्गीकरण झालेले आहे. महामार्गालगत चालकांना विसावा घेता यावा म्हणून जे थांबे असतात ते दिवसा चहासाठी उत्तम आणि रात्री निषिद्ध, याविषयी जाणकारांत मतभेद नाहीत. त्याउलट फ्रान्समधील नगरपालिका खास मोटरहोमांसाठी जे तळ राखतात, जेथे पिण्याचे पाणी भरता येते आणि शौचकूपाची टाकी रिकामी करता येते, ते स्वीकारार्ह मानले जातात. इंग्लिश खाडीखालून जाणाऱ्या बोगद्याच्या फ्रेंच तोंडाशी कोकेल येथे १९९५ मध्ये उघडलेल्या सिते युरोप या प्रचंड बाजारसंकुलाचे वाहनतळही लोकप्रिय झाले, कारण तेथे सायंकाळी वाइनची खोकी भरता येत आणि रात्रभर त्यांवर पहारा करता येई. वाहन उभे करणे आणि तळ ठोकणे या दोन क्रियांत फ्रेंच व्यवहार फरक करतो, तोही येथे ध्यानात ठेवणे इष्ट: आत दोन माणसे गाढ झोपली असली तरी वाहन केवळ उभे आहे असे समजले जाते, परंतु त्यांपैकी एकाने घडीची खुर्ची बाहेर मांडून तीत बूड टेकले की त्याच क्षणी तेथे छावणी पडली असे ठरू शकते.

कॅलेविषयीची भीती फार झाली म्हणजे सावध प्रवासी वीसेक किलोमीटर पूर्वेस ग्राव्हलीन या टुमदार गावी उतरतात. सतराव्या शतकातील थोर दुर्गरचनाकार व्होबाँ याचा हात लागलेली तटबंदी आणि खंदक या गावाभोवती अद्याप शाबूत असल्याने तेथे कुलपांविषयी एक ऐतिहासिक धीर येतो. याच गावाच्या किनाऱ्यावर सहा अणुभट्ट्यांचे वीजकेंद्रही आहे, परंतु मोटरहोमवाल्याच्या भयगणनेत अणुभट्टीस स्थान नाही. कोणी तरी आपली सायकल नेईल या चिंतेने कॅले सोडून आलेला गृहस्थ सहा अणुभट्ट्यांच्या शेजारी उशीवर डोके टेकताच झोपी जातो, आणि त्याच्या पत्नीस वाऱ्याने हललेल्या कचरापेटीच्या झाकणाखेरीज कशाचीही धास्ती वाटत नाही.

निजण्यापूर्वीचा विधी मात्र सर्वत्र सारखाच आणि बारकाईने पाहण्याजोगा आहे. प्रथम वाहन अशा रीतीने उभे करायचे की त्याचे तोंड रस्त्याकडे राहील, म्हणजे प्रसंग ओढवल्यास क्षणात गाडी सुरू करून पोबारा करता येईल. त्यानंतर पलंग तिरका राहू नये म्हणून चाकांखाली प्लॅस्टिकच्या पाचरी सारायच्या, समोरच्या काचेवर बाहेरून चंदेरी उष्णतारोधक पडदा ताणून बांधायचा, आणि चालकाचे आसन गर्रकन फिरवून त्याचे तोंड जेवणाच्या मेजाकडे करायचे. राहण्याच्या भागाच्या दारास आतून धातूचा अडसर, सुकाणूस लोखंडी दांडा, आणि पुढच्या दोन्ही दारांच्या मुठींतून आसनांचे सुरक्षापट्टे ओवून ते खटक्यात अडकवायचे, जेणेकरून कुलूप उघडले तरी दार उघडणार नाही, असा पुढचा क्रम असतो. हे सर्व यथासांग पार पडल्यावर त्या वाहनातून क्षणात पोबारा करण्यासाठी साधारण पाव तास लागतो आणि त्यातील काही मिनिटे पायजम्यावर बाहेर जाऊन चंदेरी पडदा सोडवण्यात जातात, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. काही कल्पक मंडळी दाराबाहेर कुत्र्याचे भलेमोठे भांडे आणि अगडबंब मापाचे बूट ठेवतात. सकाळी घाईत निघताना ते तेथेच राहतात, आणि मागाहून येणाऱ्याचा मात्र असा समज होतो की येथे एक राक्षस आणि त्याचा कुत्रा या दोघांनाही कोणी तरी नेले.

या सर्व भयांचा मुकुटमणी म्हणजे गुंगीचा वायू. छतावरील झरोक्यातून वायू सोडून चोर कुटुंबास बेशुद्ध करतात आणि मग सावकाश कपाटे उघडतात, अशी ही आख्यायिका असून ती पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक तळावर नव्याने सांगितली जाते. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने तिचा जाहीर प्रतिवाद केला. ईथरसारख्या जुन्या द्रव्याचा दर्प इतका उग्र असतो की झोपलेला माणूस आधी जागा होईल. नवी द्रव्ये महाग असून एवढी जागा भरण्यास ती फार मोठ्या प्रमाणात लागतील. आणि देखरेखीस कोणी जवळ नसल्यास झोपलेल्याचा जीवही जाऊ शकेल. स्वस्त, बिनवासाचा आणि संपूर्ण निर्धोक असा वायू चोरांस खरोखर गवसला असेल, तर तो आम्हांसही हवा आहे, असा या प्रतिवादाचा एकूण सूर होता. शिवाय स्वयंपाकाच्या गॅसची गळती साचू नये म्हणून मोटरहोमच्या तळाशी व छतात कायम उघडी राहणारी छिद्रे ठेवलेली असतात, त्यामुळे त्या गाळणीत वायू भरू पाहणारा चोर सकाळपर्यंत भरतच राहील. तरीही भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतोच, आणि हा ब्रह्मराक्षस ओळखणारी घंटा दुकानात विकतही मिळते. वाइनची एक बाटली संपवून झोपलेल्या गृहस्थास सकाळी डोके जड वाटले तर त्याचे खापर कोणावर फुटते, हे सांगणे नलगे.

प्रत्यक्षात चोरीस रात्रीचे फारसे वेड नाही. युरोपातील मोटरहोमांचा फार मोठा हिस्सा फियाट ड्युकॅटो या एकाच व्हॅनवर बांधलेला असल्याने एका दाराची ओळख झालेल्यास पुष्कळ दारे ओळखीची वाटतात, आणि त्यास हवी असते ती निवांत भरदुपार, ज्या वेळी मालक चीज निवडण्यात गुंतलेले असतात. दुसरा प्रकार याहून सभ्य आहे: शेजारून जाणारी मोटार खुणा करून तुमचे चाक पंक्चर असल्याचे कळवते, कनवाळू इसम खाली उतरून चालकासह चाकापाशी ओणवा होतो, आणि त्याचा सोबती तेवढ्यात दुसऱ्या बाजूच्या दाराने आसनावरील पिशवी उचलतो. रात्री दोन पट्टे, एक अडसर आणि एक दांडा ओलांडून जिच्यापर्यंत पोहोचणे अशक्य असते, ती पिशवी दुपारी उघड्या दाराने जाते.

फेरीबोटीवर चढल्यावर प्रवाशांनी वाहन सोडून वरच्या मजल्यांवर जावे, असा या खाडीवर दंडक आहे. त्यापूर्वी गॅसचा सिलिंडर बंद करायचा असतो आणि हालचाल ओळखणारी धोक्याची घंटाही, कारण ती समुद्रालाच चोर समजून भर खाडीत बोंबलू लागते.

कॅलेच्या बंदरात बोटीवर चढण्याआधी ब्रिटिश अधिकारी फ्रेंच भूमीवरच कागदपत्रे तपासतात, ही व्यवस्था २००३ च्या ल तुके करारातून आली. वाहनात लपून कोणी ब्रिटनमध्ये पोहोचल्यास चालकास माणशी दहा हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यातून मोटरहोमवालाही सुटत नाही. २०२४ मध्ये एक इंग्रज दांपत्य फ्रान्समधून घरी पोहोचले, तेव्हा वाहनाच्या पाठीवरील सायकलींच्या कव्हरात एक सुदानी तरुण आढळला. त्याने एकाही कुलपास हात लावला नव्हता आणि त्यास आतले काहीही नको होते. गाडी ज्या दिशेला निघाली होती तेवढी दिशाच त्याला पुरेशी होती. दांपत्याने आपण होऊन पोलिसांस बोलावले, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी या न्यायाने त्यांना १,५०० पौंडांचा दंड झाला, जो पुढे रद्द करण्यात आला. तेव्हापासून निघण्यापूर्वी तपासण्याच्या गोष्टींत सायकलींच्या कव्हराची चेनही जमेस धरावी लागते, आणि ती बाहेरच्या बाजूस असल्याने त्यासाठी आतला अडसर, दोन्ही पट्टे आणि दांडा आधी काढावे लागतात.