हवेला लागली हळद

ऐकलंत का? हळदीची आता वेगळी पत्रिका निघते म्हणे! म्हणे कशाला, आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन धडकलीसुद्धा. खाली ठळक अक्षरात: 'ड्रेसकोड पिवळा'. अहो, हळदीला जुनेरं नेसायची पद्धत काय उगाच होती? डाग जात नाहीत मेले! आणि आता त्याच दिवसासाठी जावाजावांनी एकसारख्या कोऱ्या साड्या घ्यायच्या, पुरुषांनी पिवळे कुर्ते शिवायचे. शिव शिव!

पूर्वी प्रकार होता केवढा? नवरदेवाला पाटावर बसवायचं, सवाष्णींनी आंब्याची पानं हळदीत बुडवून पाय, गुडघे, खांदे, डोकं असं वर वर जायचं. एखादी मामी मुद्दाम नाकालाच फासायची. उरलेली उष्टी हळद नवरीकडे रवाना, की आटोपलं. आता आधी येते मेकअपवाली, मग झेंडूची भिंत, फुलांचे दागिने, पिवळा धूर सोडणारी नळकांडी आणि डीजे. हळद कुठाय? आहे ना, पितळेच्या वाटीत. चमचाभर.

परवाच्या एका लग्नात आत्याबाई बोटं भरून मोठ्या हौसेनं पुढे सरसावल्या, तर मेकअपवालीनं त्यांचं मनगटच धरलं. "काकू, गालाला नको हं, बेस जाईल. नुसतं जवळ धरा, फोटोत लावल्यासारखं दिसतं." आत्याबाईंनी हळद हवेला लावली आणि हसल्या. फोटो छान आलाय, वादच नाही.

त्यात भर म्हणजे नवरा-नवरी एकाच झोपाळ्यावर. हळद एकत्रच! मग उष्टी कुणाची आणि पाठवायची कुणाकडे? मी विचारून पाहिलं, सगळे मोबाइलमध्ये.

नाकं मुरडणाऱ्या आमच्या शहरी काकवांनाही एक सुनवायलाच हवं. ठाणे-रायगडकडच्या आगरी-कोळ्यांची हळद लग्नापेक्षा दणक्यात होते, आणि ती काही रील्स निघाल्यापासून नव्हे. आगऱ्यांत धवले गाऊन लग्नाचे विधी करणारी धवलारीण असते, मान तिचा. रात्रभर गाव नाचतो. पण हळद अंगाला लागते हो! तेव्हा माझी कुरकूर दंग्याबद्दल नाही. उद्यापासून दुसऱ्याची होणाऱ्या पोरीला घरातल्या प्रत्येक बाईनं एकदा हात लावून घ्यायचा, त्यासाठी तर हा सगळा खटाटोप. तो हातच अडवायचा म्हणजे काय?

आणि उसनवारी तरी किती! १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि आमच्या करवल्या जोडे पळवायला शिकल्या. बिचाऱ्या कानपिळीला कुणी विचारेना. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळावा आणि वर आहेर उकळावा, इतकी फायद्याची रीत सोडवते तरी कशी?

'विधी हवेतच कशाला' म्हणणारेही भेटतात. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ साली भटजीला रजा देऊन लग्न लावलं, पण हार आणि शपथा ठेवल्याच की! आणि २०२४ साली तर सर्वोच्च न्यायालयानंच कान उपटले. विधी न करताच लग्नाचं प्रमाणपत्र मिळवलेल्या एका जोडप्याचं प्रकरण होतं. न्यायालय म्हणालं, हिंदू लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे. विधीच झाले नसतील तर नुसत्या कागदानं लग्न होत नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात तर स्पष्टच आहे, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण.

आता त्या सातव्या पावलाला हजर कोण, ते ऐका. पाहुणे बुफेच्या रांगेत, करवल्या साड्या बदलायला गेलेल्या. होमापाशी आईबाप, आहेराची पर्स छातीशी धरलेली मावशी, घामाघूम गुरुजी आणि फोटोग्राफर. परवाच्या त्याच लग्नात सातवं पाऊल पडलं तेव्हा पठ्ठ्या बॅटरी बदलत होता. "ताई, शेवटचं पाऊल परत घ्या ना, निसटलं."

नवरीनं पाय उचललासुद्धा! गुरुजी पोथीतून मान वर न करता म्हणाले, "घ्या खुशाल. दक्षिणा मात्र पुन्हा पहिल्यापासून."