सिंह चालेल, शेजारी नको

कॅलिफोर्नियातलं वुडसाइड म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतल्या गडगंज मंडळींचं गाव. जानेवारी २०२२पासून राज्याचा नवा कायदा लागू झाला: एका बंगल्याच्या प्लॉटवर दोन घरं बांधायला आडकाठी करू नका. झालं! गावाला एकाएकी वन्यजीवांचा कळवळा आला. म्हणे अख्खं गावच पहाडी सिंहाचा अधिवास. इथे जोडघर बांधणार कसं? आधीपासून उभे असलेले बंगले मात्र सिंहाला अजिबात खुपत नव्हते. (आमच्या बोरिवलीतला बिबट्या सोसायटीत चक्कर मारून जातो, पण टॉवर काही अडवत नाही. बिचाऱ्याला कायद्याचं ज्ञान कमी!) फेब्रुवारीत राज्याचे महाधिवक्ता रॉब बोंटा यांनी खडसावलं, की घरं बांधलेली जमीन अधिवास ठरत नाही. गावाने निमूट माघार घेतली. सिंहांना कुणी विचारलंच नव्हतं.