परतीच्या तिकिटाचे शास्त्र

तुरुंगात जाऊन आलेल्या खेळाडूला पुन्हा मैदानात घ्यावे की नाही, या प्रश्नाचा विचार भारतात नीतीच्या अंगाने, कायद्याच्या अंगाने आणि क्वचित कळवळ्याच्या अंगाने झालेला असला, तरी तो वाहतुकीच्या अंगाने अद्याप कोणी केलेला नाही, ही या विषयातील मोठीच उणीव होय. आणि ती भरून काढण्यास पूर्व बेंगळुरूतील के. आर. पुरम, म्हणजेच कृष्णराजपुरम, या उपनगराइतके सोयीचे ठिकाण दुसरे सापडणे कठीण आहे. येथील मेट्रोच्या जांभळ्या मार्गिकेचा व्हाइटफील्डपर्यंतचा 13.71 किलोमीटरचा टप्पा 25 मार्च 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला, आणि पलीकडे बैयप्पनहळ्ळीहून शहराच्या गाभ्यात जाणारी गाडी तर 2011 पासूनच धावत होती. राहिले होते ते फक्त मधले दोनेक किलोमीटर, जे जोडले जाण्यास 9 ऑक्टोबर 2023 उजाडला. मधल्या साडेसहा महिन्यांत प्रवाशाने गाडीतून उतरावे, जिने उतरावेत, बस पकडावी, टिन फॅक्टरीच्या कोंडीत झुलत्या पुलाकडे पाहत बसून राहावे आणि बैयप्पनहळ्ळीला पुन्हा जिने चढावेत, असा शिरस्ता होता. दोन्हीकडचे उद्घाटन झालेले, दोन्हीकडे गाड्या वेळेवर, आणि माणूस मात्र मध्येच रस्त्यावर उभा, या अवस्थेला बेंगळुरूत 'काम प्रगतिपथावर आहे' असे म्हणतात. भारतीय क्रिकेटमध्ये तिला 'पुनर्वसन' म्हणतात.

येथे परिभाषा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. 'सुटका' म्हणजे तुरुंगाचे दार उघडणे आणि 'संधी' म्हणजे ड्रेसिंग रूमचे दार उघडणे. या दोन दारांच्या किल्ल्या दोन वेगळ्या खिशांत असतात, पैकी पहिला खिसा न्यायालयाचा आणि दुसरा मंडळाचा असतो. मंडळ म्हणजे कोणते हे सांगण्याची गरज नाही, कारण भारतात इतर खेळांना महासंघ असतात, मंडळ एकच असते. 'शिक्षा भोगून आलेला' हा शब्दप्रयोग मात्र फार जपून वापरावा लागतो, कारण या देशात तुरुंग आणि शिक्षा यांचा क्रम बहुधा उलटा लागतो: आधी तुरुंग होतो, मग खटला उभा राहतो, अनेकदा राहतही नाही, आणि शिक्षा न्यायालयाने दिलीच नाही तर ती देण्याची जबाबदारी नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा किंवा क्रिकेट मंडळ आनंदाने उचलते.

या क्रमाचा नमुना 2013 सालचा आहे. 16 मे रोजी पहाटे मुंबईत राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना, म्हणजे एस. श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण यांना, दिल्ली पोलिसांनी स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून अटक केली. स्पॉट फिक्सिंग म्हणजे सामन्याचा निकाल न विकता एखाद्या षटकातल्या धावा विकणे. पूर्वीचा घाऊक व्यापार किरकोळीत आणण्याचाच हा प्रकार असून, त्यात सट्टेबाजाला षटक सुरू होण्याआधी काहीतरी खूण करावी लागते, असे पोलिसांचे म्हणणे होते. चंडिलाविषयी तर त्यांनी असे सांगितले की, पुणे वॉरियर्सविरुद्धच्या सामन्यात धावा ठरल्याप्रमाणे दिल्या गेल्या, पण ठरलेली खूण करायचेच तो विसरला. हा आरोप कधी सिद्ध झाला नाही. झाला असता, तर पुण्याच्या संघाविरुद्ध पैसे घेऊन वाईट गोलंदाजी करणे हा गुन्हा की निव्वळ उधळपट्टी, असा पेच न्यायशास्त्रापुढे पडला असता, कारण त्या हंगामात तो संघ गुणतक्त्याच्या तळाशीच वावरत होता.

पुढे या तिघांना 'मोक्का' लावण्यात आला. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा हे त्याचे पूर्ण नाव असून, मुंबईतील टोळ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी तो 1999 साली करण्यात आला आणि 2002 मध्ये दिल्लीने तो उसना घेतला. महाराष्ट्राने देशाला रोजगार हमी दिली, सहकार दिला आणि मोक्काही दिला. पैकी फिरकी गोलंदाजांच्या वाट्याला तिसरी देणगी आली. चव्हाणला लग्नासाठी थोड्या दिवसांचा सशर्त जामीन मिळाला, 2 जून रोजी त्याचे लग्न लागले आणि चारच दिवसांनी, अंगाची हळदही पुरती उतरली नसताना, तो तिहारच्या फाटकाशी पुन्हा हजर झाला. श्रीशांतचा तुरुंगवास सुमारे 26 दिवसांचा ठरला. त्यानंतर 25 जुलै 2015 रोजी दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले, म्हणजे खटला चालवण्याजोगा पुरावाच दिसत नाही असे सांगून प्रकरण उंबरठ्यावरच संपवले. श्रीशांत आणि चव्हाण यांच्यावर मंडळाने सप्टेंबर 2013 मध्येच आजन्म बंदी घातली होती, आणि न्यायालयाला जे दिसले नाही ते आपल्याला दिसले आहे, या मतावर मंडळ ठाम राहिले.

'आजन्म' हा शब्द कोशकारांनी नव्याने तपासावा असा आहे. केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये श्रीशांतची बंदी उठवली, ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ती पुन्हा बसवली, 15 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेचा फेरविचार करण्यास सांगितले आणि अखेर मंडळाच्या लोकपालांनी ती 7 वर्षांची केली. म्हणजे आजन्म बंदी ही साडेसातीपेक्षा सहा महिन्यांनी सौम्य असते, हे मराठी वाचकाच्या सहज लक्षात येईल. शनी मात्र जाताना अर्ज मागत नाही. बंदी 13 सप्टेंबर 2020 रोजी संपली. श्रीशांत जानेवारी 2021 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, केरळकडून पुन्हा खेळला आणि पुढच्या वर्षी निवृत्त झाला. मधल्या काळात क्रिकेटला तो नालायक ठरला असला तरी तिरुवनंतपुरमहून विधानसभेची उमेदवारी मिळण्यास त्याला 2016 साली अडचण आली नाही. त्याआधीच्या पिढीतील महंमद अझरुद्दीन तर आजन्म बंदीखाली असतानाच 2009 मध्ये मुरादाबादहून लोकसभेत पोहोचले होते. देशासाठी कायदे करण्यास पात्र असलेला माणूस रणजी सामन्यात स्लिपमध्ये उभा राहण्यास अपात्र असतो, यावरून या देशात क्षेत्ररक्षणाचा दर्जा किती कसोशीने राखला जातो हे दिसते. चव्हाणला आपली शिक्षा संपल्याचे पत्र मंडळाकडून जून 2021 मध्ये आले, म्हणजे ती संपल्यानंतर नऊ महिन्यांनी. तोवर तो पस्तिशीत होता. फिरकी गोलंदाज उशिरा पिकतो असे म्हणतात, पण त्यासाठी त्याला फांदीवर ठेवावे लागते.

आता संघांकडे वळता येईल, कारण शास्त्राचा गाभा तेथे आहे. न्यायमूर्ती लोढा समितीने जुलै 2015 मध्ये चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स या दोन संघांना, त्यांच्याशी संबंधित वरिष्ठ मंडळींच्या सट्टेबाजीबद्दल, दोन वर्षांसाठी निलंबित केले. दोन्ही संघ 2018 मध्ये परत आले. कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटल्यामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळ गहुंजे येथे हलवावे लागले, तेथे मराठी प्रेक्षकांनी पिवळे सदरे घालून त्यांना घरच्यासारखे वागवले, आणि 27 मे रोजी वानखेडेवर अंतिम सामना जिंकून या संघाने आपल्या पश्चात्तापाची सांगता केली. त्या वर्षी राजस्थानचा संघही स्पर्धेत होता, त्याचे प्रायोजक होते, ध्वज होता, भोंगे होते. त्याच संघाचा सदरा घालून अटक झालेले गोलंदाज तेवढे न्यायालयाच्या व्हरांड्यात होते. वाल्याच्या कथेत दरोड्याचे अन्न खाणाऱ्या कुटुंबाने पापाचा वाटा घेण्यास नकार दिला, एवढेच मराठी घरांत सांगितले जाते. त्या कुटुंबाने दोन वर्षे थांबून नवा वाल्या लिलावात विकत घेतला, हा पुढचा अध्याय विसाव्या शतकापर्यंत उपलब्ध नव्हता.

परदेशात याहून सरळ हिशेब आढळतो. 2010 च्या लॉर्ड्स कसोटीत ठरवून नो-बॉल टाकल्याबद्दल इंग्लंडच्या न्यायालयाने पाकिस्तानच्या तिघांना खरोखरीची शिक्षा केली. त्यांपैकी सर्वांत लहान असलेला महंमद आमीर 2016 मध्ये राष्ट्रीय संघात परतला आणि 2017 च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने रोहित शर्मा, विराट कोहली व शिखर धवन यांना बाद केले, तेव्हा दुसरी संधी या कल्पनेविषयी भारतीय प्रेक्षकांचे मत काही काळ फारच प्रतिकूल झाले. उरलेले दोघे पाकिस्तानकडून पुन्हा खेळले नाहीत. भारतात खरोखर शिक्षा भोगून परतलेल्या क्रिकेटपटूचे ठळक उदाहरण नवज्योतसिंग सिद्धू यांचे असून, त्या शिक्षेचा क्रिकेटशी काही संबंध नव्हता: 1988 मध्ये पतियाळात रस्त्यावरील भांडणात एका वृद्धाचा मृत्यू झाला, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सिद्धूंना 1000 रुपये दंड केला, मृताच्या कुटुंबाने फेरविचार मागितल्यावर 2022 मध्ये एक वर्षाची सक्तमजुरी दिली, आणि 1 एप्रिल 2023 रोजी सुटून आल्यावर वर्षभरात त्यांच्या हाती पुन्हा समालोचनाचा ध्वनिवर्धक आला. त्यांना संधी द्यावी का, असा परिसंवाद कोणी घेतला नाही; घेतला असता तरी त्यात इतरांना बोलायला मिळाले असते असे नाही.

के. आर. पुरमच्या अभ्यासकाला अधिक जवळचे प्रकरण मात्र कर्नाटक प्रीमियर लीगचे आहे. 2019 मध्ये बेंगळुरूच्या केंद्रीय गुन्हे शाखेने या स्पर्धेतील कथित फिक्सिंगचा तपास हाती घेतला. सप्टेंबरात बेळगावी पँथर्स या संघाचे मालक अली अश्फाक थारा यांना अटक झाली आणि नोव्हेंबरात बळ्ळारी टस्कर्सचा कर्णधार सी. एम. गौतम व फिरकीपटू अब्रार काझी यांना. म्हैसूरच्या अंतिम सामन्यात संथ खेळण्यासाठी पैसे घेतले, असा आरोप होता. गौतम तेव्हा नुकताच गोव्याच्या संघात दाखल झाला होता. गोव्याने त्याचा करार लगेच संपवला, कारण गोव्यात संथपणाला हरकत नसली तरी तो स्वयंस्फूर्त असावा लागतो. पुढे 10 जानेवारी 2022 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने हे प्रकरण रद्द केले. त्या निर्णयाचे तर्कशास्त्र अभ्यसनीय आहे: फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 420 साठी, कोणीतरी कोणाला भुरळ घालून त्याची मालमत्ता काढून घेतलेली असावी लागते, प्रेक्षक तिकिटाचे पैसे देतो हे खरे, पण तिकीट तो आपखुशीने काढतो, त्याला कोणी भरीस घातलेले नसते, आपण फसवले गेलो अशी भावना त्याच्या मनात येऊ शकते, पण भावना म्हणजे गुन्हा नव्हे, आणि खेळाडूच्या बेशिस्तीकडे मंडळाने पाहावे. राज्य सरकार याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाच्या निर्णयावरून मात्र कायद्याची स्थिती अशी दिसते की, क्रिकेटमध्ये 'चारसो बीस' करता येत नाही, आणि प्रेक्षक हा या देशातील एकमेव ग्राहक असा आहे की ज्याला माल खोटा निघाल्यास स्वतःच्या खुशीची आठवण करून दिली जाते.

हे सारे चालू असताना के. आर. पुरममध्ये दुसरी संधी या विषयाचा निकाल रोज सकाळी, विनाचर्चा, लागत असतो. येथील इमारतींत पहारेकरी, चालक किंवा घरकामाची बाई ठेवायची झाल्यास पोलीस पडताळणीचा कागद मागितला जातो. संगणक कंपन्यांत नेमणुकीआधी उमेदवाराची पार्श्वभूमी तपासणारी वेगळी यंत्रणा असते, आणि जुन्या कंपनीच्या दफ्तरी 'पुनर्नियुक्तीस पात्र' या रकान्यात नाही अशी खूण असली की उमेदवार कितीही गुणी असो, त्याचा अर्ज पुढे सरकत नाही. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश 2022 च्या अखेरीस कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. परप्पन अग्रहारच्या कारागृहातून असा एखादा माणूस निर्दोष सुटून बाह्य वळण रस्त्याने, सिल्क बोर्डची कोंडी पार करत, के. आर. पुरमला पोहोचलाच, तर फाटकावरची वही पुढे करून त्याला प्रथम विचारले जाते ते हे की, मधली वर्षे तो कोठे होता. त्याच फाटकाआड राहणारा गृहस्थ रात्री आमीरच्या पुनरागमनावर दीड तास उदारपणे बोलतो. ज्याचा चेंडू दोन्ही बाजूंना वळतो त्याचा भूतकाळ गुंतागुंतीचा असतो. ज्याला फक्त झाडू मारता येतो त्याचा सरळ असतो.

सामन्याच्या रात्री चिन्नास्वामी मैदानालगतच्या कब्बन पार्क स्थानकावरून घरी परतणाऱ्यांसाठी मेट्रो कागदी परतीचे तिकीट आधीच विकत आली आहे. गर्दी उसळते, यंत्रे बंद पडतात, आणि ज्याने जाताना येण्याची सोय केली तोच लवकर सुटतो. हा नियम क्रिकेटमध्ये खेळाडूंना कळला नसला तरी स्पर्धांना कळलेला आहे. कर्नाटक प्रीमियर लीग 2019 नंतर झाली नाही. 2022 मध्ये तिच्या जागी म्हैसूरच्या श्रीकंठदत्त नरसिंहराज वडियार यांच्या नावाने महाराजा करंडक सुरू झाला. स्पर्धेला स्वतःची पोलीस पडताळणी करून घ्यावी लागली नाही. तिने नाव बदलले, राजघराण्याचा आश्रय घेतला आणि पहिल्याच वर्षी ती नव्या नवरीसारखी उभी राहिली. हुबळी, म्हैसूर, शिवमोग्गा आणि बेंगळुरू हे संघ परतले, गुलबर्गा व मंगळूर यांची भर पडली, बेळगावीचे नाव यादीत नव्हते. ज्या गावासाठी दोन राज्ये 1956 पासून भांडत आहेत, ज्याच्यासाठी महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठले आणि कर्नाटकाने 2012 मध्ये तेथे विधिमंडळाची इमारतच उभारली, त्या गावच्या पँथर्सवर मात्र मुंबईने किंवा बेंगळुरूने आजवर दावा सांगितलेला नाही.