दिवाणखान्यातलं घोंगडं

मराठी घरात निर्णय लांबला की त्याचं भिजत घोंगडं होतं. पुण्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मात्र घोंगडं आधी आलं; भिजलं ते नंतर.

मुलाला दिवाणखान्यात हातमागावरचा लोकरीचा गालिचा हवा होता. काश्मिरी परवडेना. मग प्रदर्शनातून काळीभोर घोंगडी आली आणि सोफ्यापुढे अंथरली गेली. आटपाडीकडच्या आजी बघतच राहिल्या. जिची खोळ घेऊन त्यांचे वडील पावसात मेंढरं राखायचे, तिच्यावर आता काचेचा टीपॉय उभा होता.

"एवढ्यात कोकरू आलं असतं," त्या म्हणाल्या. "वर्षातून दोनदा लोकर दिली असती."

सूनबाईंची तक्रार एकच: टोचते. टोचणारच. दख्खनी मेंढी उघड्या माळावर वाढते. तिची लोकर जाड, भरड आणि बहुतेकदा काळी. मऊ हवी तर जावळाची घोंगडी घ्यावी, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची.

"कोकराचंही जावळ काढतात?" नातवाने विचारलं.

"काढतात. फक्त मामाच्या मांडीवर बसवत नाहीत."

मग आजींची शिकवणीच सुरू झाली. सूत कातायचं बायकांनी, विणायचं सणगराने. तो जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो. पाय पावड्यांवर, हात धोट्यावर. त्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही लापशी सुतावर चोपडून वाळवली की ते मागाचे हिसके सोसतं. नवी घोंगडी ताठ लागते ती या खळीमुळे. नातवाने लगेच घोंगडीचा कोपरा चाटून पाहिला. आंबट नव्हता.

जुलैत घराला मेंढरांचा वास येऊ लागला. लोकर हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पिते आणि तरी हाताला कोरडी लागते. शेजाऱ्यांनी लिफ्टमध्ये आडून आडून चौकशी केली. आजींना मात्र त्या महिन्यात गाढ झोप लागली.

आणि एके दिवशी कटाची आमटी सांडली.

मुलगा म्हणाला, ड्रायक्लीन. सूनबाई म्हणाल्या, मशीन. आजी म्हणाल्या, गार पाणी, रिठे आणि सावली. पुढारी प्रचारात घोंगडी बैठक घेतात. इथे घोंगडीवाचून, घोंगडीवरच बैठका झाल्या. तोवर ती बाल्कनीत, बादलीत. शब्दशः भिजत.

चौथ्या रात्री मुलाने गुपचूप मशीन लावलं, तेही गरम पाण्याचं. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. ऊन पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून घट्ट होतं. याच गुणावर माग न लावता बुरणूस आणि काश्मिरी नमदा बनतो. पण ते मुद्दाम करतात.

सकाळी टीपॉयचे दोन पाय फरशीवर आले होते. आजींनी टीपॉय बाजूला सारला, उरलेली घोंगडी उचलून देवघरापुढे टाकली आणि तिच्यावर मांडी घातली.

"आता मापात आली," त्या म्हणाल्या, आणि जपमाळ मागितली.