सातबाऱ्यावर पाच डॉक्टर

माझ्या देहाचा सातबारा काढला तर त्यावर पाच नावं निघतील. स्वादुपिंड शुगरवाल्यांकडे, गळा थायरॉइडच्या मॅडमकडे, गुडघे हाडवाल्यांकडे, छातीचा पट्टा हार्टवाल्यांकडे, आणि गेल्या दिवाळीपासून दोन्ही किडन्यांवर पाचव्यांची नोंद चढलीय. प्रत्येक जण आपला तुकडा मनापासून कसतो. बांधावरून भांडण निघालं की ते सोडवायला मात्र मी.

शुगरवाले म्हणतात, रोज पाऊण तास चाला. हाडवाले म्हणतात, फार चालू नका. मी दोघांचाही मान राखते. चालायला म्हणून निघते आणि बागेतल्या पहिल्या बाकावर बसते.

दिवस साडेपाचला उजाडतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, मग अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. एकाच कार्यात समोरासमोर येऊ द्यायच्या नाहीत अशा दोन जावाच त्या. शुगरची जेवणाबरोबर. बीपीची अर्धी. ही अर्धी करणं म्हणजे आमच्या घरचा रोजचा कार्यक्रम. आमचे हे पोळपाटावर गोळी ठेवतात, सुरी टेकवतात, आणि एक अर्धी उडून फ्रिजखाली जाते. मग दोघांचे मिळून चार गुडघे, त्यातला एकही धड वाकत नाही, आणि आम्ही फूटपट्टी घालून गोळी शोधतो. सापडेपर्यंत बीपी असं चढतं की अख्खीच घ्यावी.

हे हसण्यावारी नेता येतं. पुढचं येत नाही. बीपीच्या एका गोळीनं माझे घोटे सुजले. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी आली. तिनं युरिक ॲसिड वाढलं आणि पायाचा अंगठा ठणकायला लागला. ठणका सोसेना म्हणून हाडवाल्यांनी वेदनाशामक दिली. ती चिठ्ठी किडनीवाल्यांनी चष्मा खाली ओढून वाचली आणि विचारलं, ‘‘ही कुणी दिली?’’ शाळेत वहीवर शाई सांडली की बाई विचारायच्या, अगदी तसंच. नाव सांगितलं तर चहाडी होईल का, असा मला खरोखर प्रश्न पडला.

एका गोळीचा त्रास नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी द्यायची, या प्रकाराला ‘प्रिस्क्राइबिंग कॅस्केड’ म्हणतात. पॉला रोशन आणि जेरी गुर्विट्झ या डॉक्टरांनी १९९७ साली त्यावर लेखच लिहिला होता. कॅस्केड म्हणजे धबधबा. लघवीची गोळी घेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

अमेरिकेतल्या सिंथिया बॉयड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली आणखी गंमत केली. त्यांनी ७९ वर्षांची एक बाई कल्पिली. तिला मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, हाडांची झीज आणि फुप्फुसाचा विकार असे पाच आजार दिले, आणि प्रत्येक आजाराची नियमावली तंतोतंत पाळली. हिशेब निघाला १२ औषधं, महिन्याला ४०६ डॉलर, पथ्य-व्यायाम वेगळे. बाई काल्पनिक होती म्हणून निभावली.

आता माझ्या पाचांपैकी चुकलं कोण म्हणाल, तर कुणीच नाही. प्रत्येकाच्या कागदावर मी सुधारतेय. शुगर आटोक्यात, बीपी १३०/८०, थायरॉइड जागेवर. रिपोर्ट असे की फ्रेम करून हॉलमध्ये लावावेत. लावलेही असते, कारण मी हॉलमध्येच असते. दीड वर्षात कुठे गेलेच नव्हते.

माझी धाकटी बहीण साताऱ्याला असते. स्वारगेटहून एसटी धरली तर अडीच-तीन तास, मध्ये खंबाटकीचा घाट. सकाळी लघवीची गोळी घेतली की पुढचे दोन-तीन तास दर वीस मिनिटांनी जावं लागतं. घाटात कुठे जाणार? आणि स्टँडवरच्या स्वच्छतागृहात गुडघे वाकत नसलेल्या बाईनं बसायचं कसं? बायकांना एसटीचं तिकीट २०२३च्या मार्चपासून अर्धं झालं. लघवीची गोळी मात्र मला पूर्ण आहे.

सरकार काही करत नाही असं मात्र म्हणवत नाही. ह्यांना सत्तरी उलटल्याचं आयुष्मान कार्ड आलंय, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. दवाखान्यात भरती झाले तर. रोजच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांची फी त्यात बसत नाही. म्हणजे उभ्या माणसाचा खर्च त्याचा त्यानं करायचा. आडवा झाला की सरकार आहेच.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजायची २६ प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. त्यात झोप विचारतात, पैसा पुरतो का विचारतात, माणसांशी कसं चाललंय विचारतात. प्रवासाच्या सोयीवर समाधानी आहात का, हेसुद्धा विचारतात. शुगर किती, हे विचारत नाहीत. आमच्या पाच ठिकाणी नेमकं उलट. आत गेलं की आकडा विचारतात आणि आकडा बरा असला की पुढचा पेशंट आत. त्यांनी तरी काय करावं, बाहेर चाळीस जण ताटकळलेले असतात. पण बाहेर बसलेल्या त्या चाळिसांतल्या किती जणांचं सातारा सुटलंय, हे कुठल्या रिपोर्टात येतं?

मला ते विचारलं आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी. मी गेले होते सर्दीसाठी. त्यांनी नाडी बघितली आणि म्हणाले, ‘‘वहिनी, बहिणीकडे कधी जाऊन आलात?’’ मी रडलेच. मग त्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला लावल्या. टेबलावर अकरा पाकिटं मांडली. त्यातली दोन एकाच औषधाची निघाली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, डॉक्टर वेगळे. मी चार महिने ॲसिडिटीवर दुहेरी मारा करत होते! एक पाकीट त्यांनी बाजूला काढलं, हार्टवाल्यांना तिथूनच फोन लावला, पाच मिनिटं बोलले आणि मला सांगितलं, ‘‘प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी तिकडे पोचल्यावर घ्या. रोजची वेळ मात्र मनानं बदलायची नाही.’’ दीड वर्षाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. फी घेतली सर्दीची.

तेव्हा पुढच्या खेपेला फाईल उघडायच्या आधी डॉक्टरांना एक सांगा. या आजारपणापायी तुमचं काय सुटलं, ते. शुगर ते नंतर बघतीलच.

गेल्या रविवारी मी साताऱ्याला जाऊन आले. लघवीची गोळी बहिणीच्या स्वयंपाकघरात, दुपारी एक वाजता घेतली. नंतर अर्धा कंदी पेढा खाल्ला. सुरीनं तोडताना तो अजिबात उडाला नाही. शुगरवाल्यांना कुणी सांगू नका.